रकाना रिकामा चालत नाही

ताई : सगळे म्हणजे?

धाकटा : सगळे म्हणजे सगळे. कुत्री, मांजरं, तो एक ससा. तुझ्या दवाखान्याच्या नोंदीतला एकूण एक प्राणी आज सकाळी वारला.

ताई : अरे, माझ्यासमोर टेबलावर मांजर आहे! ओरबाडतंय मला!

धाकटा : डेटाबेसप्रमाणे त्याला आता ते जमायला नको.

ताई : तू नक्की काय केलंस? आणि मी जनावरांची डॉक्टर आहे, हे लक्षात ठेवून सांग.

धाकटा : नवा सर्व्हर चालू केला. तुझ्या जुन्या नोंदी तक्त्यांत बसवल्या. मालकांचा एक तक्ता, प्राण्यांचा एक, दोन्ही एकमेकांना जोडलेले. इतकं सुरेख बसलंय, दाखवू?

ताई : नको.

धाकटा : प्राण्यांच्या तक्त्यात ‘मृत्यूची तारीख’ असा रकाना आहे. मी नियम लावला, एकही रकाना रिकामा चालणार नाही. जरा शिस्त.

ताई : मग जिवंत जनावराने मृत्यूची तारीख आणायची कुठून?

धाकटा : डेटाबेसनेही हेच विचारलं. काही नसेल तिथे काय भरू? मी म्हटलं, आजची भर.

ताई : देवा रे. आणि ते शोकसंदेश?

धाकटा : तारीख भरली की सर्व्हर आपणहून पाठवतो. तूच सांगितलं होतंस ना? आपला कुत्रा ढब्बू इथे गेला तेव्हा बाबांशी कुणी दोन शब्द बोललं नाही, दवाखान्यातून काहीतरी जायला हवं म्हणून.

ताई : बाबांना गेला?

धाकटा : नाही. ढब्बूची खरी तारीख आधीपासून होती. जे खरंच गेलेत, त्यांच्या घरी काही गेलेलं नाही.

ताई : निदान तेवढं तरी. बाबा अजून या गल्लीत पाऊल टाकत नाहीत. बाहेर बघ, पोपटवाले काका बसलेत. पोपट खांद्यावर, शोकसंदेश हातात. विचारतायत, दोघांपैकी कुणावर विश्वास ठेवू?

धाकटा : पोपट काय म्हणतोय?

ताई : थोबाडीत खाशील! धडधाकट जनावराला मेलेलं ठरवणारी डॉक्टर! कोण पाय ठेवेल उद्यापासून इथे? आत्ताच्या आत्ता नीट कर.

धाकटा : झालं. नियम काढला, तारखा पुसल्या. सगळे जिवंत.

ताई : हुश्श. थांब. सगळे?

धाकटा : सगळे.

ताई : जे खरंच गेलेत, तेसुद्धा?

धाकटा : त्या बाबतीत मी थोड्या सढळ हाताने पुसलं.

ताई : फोन का वाजायला लागले पुन्हा? आता कसले संदेश जातायत?

धाकटा : सर्व्हर हुशार आहे गं. जिवंत प्राणी दिसला की लसीची तारीख बघतो. या गेलेल्यांच्या लसी अर्थातच बऱ्याच राहिल्यात. त्यामुळे… ‘तुमच्या सोबत्याची लस राहिली आहे, आजच घेऊन या.’

ताई : कुणाकुणाला?

धाकटा : ताई, सकाळची, गोंधळाआधीची प्रत आहे माझ्याकडे. ती चढवली की सगळं होतं तसं.

ताई : मग आधीच का नाही चढवलीस, गाढवा!

धाकटा : पुसणं लवकर होईल असं वाटलं.

ताई : ढब्बूचीही तारीख पुसलीस का? इकडे बघून बोल. पुसलीस?

(दाराची घंटी वाजते. बाबा आत येतात.)

बाबा : लस राहिलीय म्हणे.

ताई : बाबा… तुम्ही इथे?

बाबा : आजच या, असं लिहिलं होतं.

धाकटा : बाबा, ते माझ्या हातून… चुकून गेलं.

बाबा : कळलं रे. म्हातारा झालोय, पण इतका नाही.

ताई : मग हा पट्टा कशाला आणलात?

बाबा : घेऊन या म्हणाले. जेवढं घरात होतं तेवढं घेऊन आलो.

ताई : बसा ना बाबा. पाणी देऊ?

बाबा : ह्याच टेबलावर ना गं?

ताई : हो. ह्याच.

धाकटा : बाबा, हे एक बटण दाबलं की झालं. जिवंत ते जिवंत, गेलेले ते गेलेले.

बाबा : आणि ढब्बू?

धाकटा : गेलेल्यांत.

बाबा : आणि आत्ता?

धाकटा : आत्ता… आत्ता आहे.

बाबा : मग ती खुर्ची सरकव इकडे. बसतो थोडा वेळ. मग दाब.