दुसऱ्याचा बिल्ला

(सोलापूर, १९३६. कापडगिरणीच्या फाटकासमोर, लिंबाखाली. दुपारची सुट्टी.)

बेलीफ : नाव काय म्हणालात?

कुंडलिक : सिद्धप्पा.

बेलीफ : खातं?

कुंडलिक : विणकामाचं. दोन सांचे, म्हंजी माग, बघतो. बिल्ला बघा की माजा, नंबर हाय त्येच्यावर.

बेलीफ : बिल्ला पाहिला. बिल्ल्यावर माणसाचं तोंड नसतं ना. बसू का इथं? सकाळपासून तीन फाटकं झाली. सरकार पगार देतं, वहाणा देत नाही.

कुंडलिक : बसा. सावली काय माज्या मालकीची न्हाय.

बेलीफ : ये गं लीला, तूही बस. ही माझ्याबरोबर आहे. आणि तुम्ही असे आखडून बसू नका, जेवा निवांत. मी कोर्टाचा बेलीफ आहे, पण तुमच्यासाठी आलेलो नाही. कुंडलिक म्हणून एक माणूस शोधतोय. तुमच्याच खात्यात होता म्हणे.

कुंडलिक : व्हता. गेला.

बेलीफ : कुठं?

कुंडलिक : अकलूजकडं. उसाच्या कामावर.

बेलीफ : गडी भरणारा जॉबरही हेच म्हणाला. पानवालाही हेच म्हणाला. अकलूजकडं, उसाच्या कामावर. एका शाळेत होता काय रे सगळे?

कुंडलिक : शाळा कुटली आमाला. काय केलं त्या माणसानं?

बेलीफ : काहीच केलं नाही, तेच तर. बायको टाकली, ही पोर टाकली, दुसरा संसार मांडला. पोरीला महिन्याला पाच रुपये पोटगी द्यावी असा मॅजिस्ट्रेटसाहेबांनी हुकूम केला. दोन महिने दिले. मग एक दिवस हजेरीपटावरून त्याचं नावच गेलं. आज चौदा महिने झाले.

कुंडलिक : भ्याला असंल. कोरट पगारच जप्त करतं म्हनं.

बेलीफ : कोण म्हणतं?

कुंडलिक : फाटकावर बोलत्यात लोक.

बेलीफ : लोक अर्धंच बोलतात. कारकुनाचा पगार जप्त होतो. मजुराच्या मजुरीला असा कोणी हात घालत नाही. पण पोटगीचं निराळं असतं. नाही दिली तर वारंट निघतं. आधी घरातली भांडीकुंडी उचलतात. तेवढ्यानं भागलं नाही, तर थकलेल्या एकेका महिन्याला एकेक महिन्यापर्यंत तुरुंग.

कुंडलिक : म्हंजी गरिबाला वाटच न्हाय.

बेलीफ : आहे की वाट. कोर्टात उभं राहायचं आणि सांगायचं, साहेब, मिळवतो एवढं, घरात खाणारी तोंडं एवढी. रक्कम कमी करून मागता येते. थकलं त्याला हप्ते मागता येतात. नाहीतर गिरणीच्या कचेरीत जाऊन अंगठा द्यायचा, की माझ्या पगारातले एवढे कापा आणि पोरीच्या आईला पोचवा. पण हे सगळं हजर असेल त्याला. लपलेल्याला द्यायला माझ्याजवळ एकच कागद आहे, तो ह्या पिशवीत आहे.

कुंडलिक : ह्ये कुनी सांगाया पायजे हुतं त्येला.

बेलीफ : साहेबांनी सांगितलं होतं, भर कोर्टात. तो तेव्हा पायाच्या बोटांकडं बघत उभा होता. मी दाराशी होतो. मला त्याचं तोंड दिसलं नाही, पाठ दिसली. पाठीवरून वारंट बजावता येत नाही, म्हणून पोर घेऊन फिरतोय.

कुंडलिक : तिच्या आयनं का न्हाय यावं?

बेलीफ : ती तेलंगी विणकर साळ्यांच्या घरी सुताच्या कांड्या भरते. खाडा केला तर काम दुसरीला जाईल. म्हणाली, पोर ओळखती बापाला, तिला न्या. तुम्ही सिद्धप्पा म्हणजे आमच्या अक्कलकोटकडचे ना?

कुंडलिक : व्हय. त्याच बाजूचा.

बेलीफ : ऊटा आयतेनु?

कुंडलिक : ... व्हय. बरं हाय की समदं.

बेलीफ : जेवण झालं का, असं कानडीत विचारलं मी. समोर डबा उघडा आहे, म्हणून म्हटलं.

कुंडलिक : लहानपनीच हिकडं आलो. इसरलो आमी ती भाषा.

बेलीफ : जेवणाचा शब्द माणूस लवकर विसरत नाही. असो. लीला, इकडं बघ. ह्यांना नीट बघ. हे कोण?

लीला : ठावं न्हाय.

बेलीफ : तुझा बाप आहे का हा?

लीला : न्हाय.

बेलीफ : बघा. सकाळपासून शे-दीडशे माणसांना न्हाय म्हणाली. ह्या लिंबालासुद्धा म्हणेल.

कुंडलिक : पोरीनं काय खाल्लंय का?

बेलीफ : मी चहा पाजत होतो, नको म्हणाली.

कुंडलिक : घे गं. भाकरी हाय, पिठलं हाय. थांब. ही घे.

बेलीफ : घे की. एवढा पापुद्रा सोडवून दिलाय. आमच्या घरी ह्याच्यावरून भांडणं व्हायची. बरं, मी कचेरीतल्या टाइमकीपरला विचारून येतो आणि पाणीही पिऊन येतो. भोंगा व्हायला अजून अवकाश आहे. पोरीकडं लक्ष ठेवा जरा, सिद्धप्पा.

कुंडलिक : तिला बरूबर न्या की.

बेलीफ : पाय दुखतात तिचे. बसू दे. आलोच मी.

लीला : गेला त्यो.

कुंडलिक : व्हय. खा तू.

लीला : पिठल्यात लसूण लई पडलीया. आय एवढी न्हाय घालत.

कुंडलिक : लिले.

लीला : तू मला नावानं हाक मारू नगंस. त्यो ऐकंल.

कुंडलिक : वळखलंस मला.

लीला : फाटकातनं भायेर आलास तवाच. तू डबा काखंत धरतोस.

कुंडलिक : मंग न्हाय का म्हनलीस?

लीला : आयनं सांगितलंय, दिसला की बोट दाखव. मला बोट दाखवाया हुईना.

कुंडलिक : आय मारंल तुला.

लीला : न्हाय मारत. लई दिवस झालं, ती मारत न्हाय. दमती. बेलीफकाका म्हनला, तुला कोंडत्यात. खरं हाय?

कुंडलिक : त्येनं सांगितलं म्हंजी खरं असंल.

लीला : मंग बाळूला कोन बघंल?

कुंडलिक : बाळू तुला कुनी सांगितला?

लीला : सारजामावशी आन त्यो बाजारात दिसत्यात. कडंवर असतो. आय म्हनली, त्यो तुजा भाऊच हाय, त्येला काय बोलायचं न्हाय. त्येला दात आलं?

कुंडलिक : दोन आलं. खालचं.

लीला : मंग अजून भाकरी न्हाय खात.

कुंडलिक : न्हाय.

लीला : बा, आकाडात तू मला मंगळवार बाजारात बघितलंस. बघून दोरीवाल्याच्या दुकानात शिरलास.

कुंडलिक : ... तू बघितलंस व्हय.

लीला : आय म्हनली चल. मी वाईच थांबले. दोरी घ्याया कितीसा येळ लागतो. पन तू भायेर आलाच न्हाईस.

कुंडलिक : मागच्या दारानं गेलो, पोरी.

लीला : त्या दुकानाला मागं पन दार हाय?

कुंडलिक : हाय. दुकानदारानं इचारलं, काय पायजे. मी चार हात सुंभ घेतला. कामाचा न्हवता. आजून खुटीला टांगलाय. सारजा रोज इचारती, ह्यो कशाला आनला. मी सांगतो, लागंल कवातरी.

लीला : त्यो सिद्धप्पा कोन हाय?

कुंडलिक : हाय एक गडी. छातीचं दुखनं झालं, गावाकडं पडून हाय. नाव त्येचं लागून ऱ्हायलंय पटावर. त्येच्या बिल्ल्यावर मी काम करतो. पगाराला नाव पुकारलं, की मीच 'हजर' म्हनतो.

लीला : फुकट दिला बिल्ला?

कुंडलिक : फुकट कोन देतंय. म्हैन्याला सा रुपय धाडायचं त्येला.

लीला : सा?

कुंडलिक : व्हय.

लीला : माजं पाच हुतं.

कुंडलिक : घे, आजून भाकरी घे.

लीला : बा, तू जेव की. तुजं तसंच ऱ्हायलं.

कुंडलिक : न्हाय जात आता.

लीला : त्या सिद्धप्पाला पोरं हायती?

कुंडलिक : हायती तीन. चंद्रव्वा म्हनून बायकू हाय. तीच येती एक तारखेला, पैकं न्यायाला. हात जोडती मला. देवमानूस म्हनती.

लीला : खरं म्हनती?

कुंडलिक : खरंच म्हनती बिचारी. तिला काय ठावं. म्या पयल्या दिवशी मनाशी म्हनलं, दोन म्हैनं लपू, कोरट इसरंल. मंग तीन झालं. मंग वाटलं, आता कुटल्या तोंडानं जावं. जेवडं लांबलं, तेवडं जाया हुईना. तू शाळंत जातीस न्हवं?

लीला : शनवारपतुर. सोमवारपास्नं म्या पन कांड्या भरनार, सगळा दीस. मालकीन म्हनली, दोगी आल्या तर खोलीचं भाडं न्हाय घेत. आयनं हा म्हनलंय.

कुंडलिक : कितवी हाय?

लीला : तिसरी. पुस्तक बाईंचं हाय, ते तेवडं परत द्याचं हाय. शिकवायचं धडं दोनच ऱ्हायल्यात. म्या फुडचं आदीच वाचून काढल्यात, म्हंजी ऱ्हायल्यागत वाटाया नगं. बा, तू रडू नगंस. लोक बघत्यात.

कुंडलिक : पिठल्यात मिरची लई पडलीया.

लीला : त्यो आला बग. तू सिद्धप्पाच ऱ्हा. म्या सांगनार न्हाय. आयला सांगंन, अकलूजला गेला.

बेलीफ : काय, संपली का भाकरी? टाइमकीपर फार हुशार माणूस. म्हणाला, सिद्धप्पा गेल्या सालापासून एकदम तंदुरुस्त झाला, एक खाडा नाही. छातीच्या दुखण्याचा माणूस. चला लीला, चौथ्या फाटकावर जाऊ.

कुंडलिक : साहेब, वाईच थांबा.

बेलीफ : मी साहेब नाही. बोला.

कुंडलिक : त्यो माणूस सोताहून आला, तर कोंडत्यात का?

बेलीफ : तुम्हाला खोटं सांगत नाही. साहेबांच्या मनावर आहे. चौदा महिने थोडे नाहीत. पण वारंटावर ओढून आणलेला आणि आपल्या पायानं आलेला, ह्यात फरक करतात. मी पाहिलंय. उद्या अकराला ते बसतात. पगारातून कापायचा कागद आधी करून आणला असेल, तर बोलायला तोंड राहतं.

कुंडलिक : आन दुसऱ्याच्या बिल्ल्यावर काम केलं म्हनून?

बेलीफ : तो गिरणीचा मामला. काम जाईल कदाचित. जॉबर हात वर करील. पुन्हा आपल्या नावावर बदलीवाल्यांच्या रांगेत उभं राहावं लागेल, पहाटेपासून; कुणाचा खाडा पडला तरच काम.

कुंडलिक : आन ज्याचा बिल्ला त्येचं?

बेलीफ : त्याचंही बंद. हे सगळं फुकटात सुटत नाही, बाबा. गाठोडं ज्यानं बांधलं, त्यालाच सोडावं लागतं.

कुंडलिक : चंद्रव्वाला म्याच जाऊन सांगंन.

बेलीफ : आता मला पुन्हा विचारू दे. नाव काय म्हणालात?

लीला : त्येंनी सांगितलंय की मघाशी.

कुंडलिक : लिले, गप. कुंडलिक रावजी. ऱ्हानार मंगळवार पेठंच्या मागं. ही माजी पोरगी.

बेलीफ : हं. बसा. पाणी प्या आधी. मला भाकरीच्या पापुद्र्यालाच कळलं होतं. पण माझ्या कळण्याला कोर्टात किंमत नाही.

कुंडलिक : मंग धरलं का न्हाय तवाच?

बेलीफ : पिशवीत आणखी चार वारंटं आहेत, घाई नव्हती. आता हे भरून टाकू. कुंडलिक... वल्द रावजी... इथं रकाना आहे, ओळख कोणी पटवली. मुलगी, लीला.

लीला : म्या न्हाय पटवली. म्या तर 'न्हाय' म्हनले हुते.

बेलीफ : अगं, नुसतं लिहायचं असतं.

कुंडलिक : नगा लिवू तिचं नाव. उद्या मोठी हुईल, कुनीतरी कागद काडंल. बापाला हिनं धरून दिलं, असं दिसंल त्येच्यात. तिनं न्हाय दिलं.

बेलीफ : मग कोणाचं लिहू? रकाना रिकामा चालत नाही.

कुंडलिक : लिवा की, सोता सांगितलं.

बेलीफ : बावीस वर्षांत हे पहिल्यांदा लिहितोय. अंगठा द्या. खाली. दाबा जरा. झालं. उद्या अकराला आपल्या पायानं कोर्टात या. तो भोंगा झाला बघा. आत जायचं नाही?

कुंडलिक : आत सिद्धप्पाचा सांचा हाय. मला कचेरी दावा, खरं नाव बदलीत लावून पोरीच्या पैशाचा अंगठा द्याचा हाय.

बेलीफ : चला. मीही येतो, नाहीतर कारकून दारातच उभा करील. लीला, डबा घे.

लीला : बा, भाकरी अर्धी ऱ्हायली तुजी.

कुंडलिक : बांध. पापुद्रा काडून घे आदी.