बाईंची चिठ्ठी

हॅलो?… गणिताच्या बाई बोलताय ना?… मी गवंडी, बाई. सातवीतल्या पोराचा बाप… नाही नाही, आत्ताच्या सातवीतला नाही. आमच्या थोरलीचं लग्न झालं त्या वर्षीचा. शाळेच्या कुंपणाची भिंत मी बांधली होती… हो, हो, तोच. डावखुरा.

नंबर शाळेतल्या शिपायानं दिला… अहो, ऐका ना. तुम्ही माझ्या पोराजवळ एक चिठ्ठी दिली होती. ती मी परवा वाचली… मीच, हो. नात शिकवते. जोडाक्षर आलं की दम लागतो, पण जमतं… शाबासकी नका देऊ, बाई. आधी ऐका.

'मुलगा गणितात वर्गात पहिला आहे. शिष्यवृत्तीला बसवायचे आहे. वडिलांनी सहीला यावे'… हो, तुमचंच अक्षर.

नाही, सहीला यायचं कामामुळे राहिलं नाही… आमच्या वस्तीत शाळेची चिठ्ठी म्हणजे तक्रारच. कुणी मारामारी केली, कुणाला गणवेश नाही… वाचून दाखवली हो त्यानं. एकेका शब्दावर बोट ठेवून. मी म्हटलं, खोटं वाचतोस… शेजाऱ्याला येत होतं वाचता. पण त्याला विचारलं असतं तर माझं बिंग फुटलं असतं ना. कामावर जेवणाच्या सुट्टीत मी पेपर धरून बसायचो… हसा, हसा.

पट्ट्यानं मारलं, बाई… हो. रडायला लागला तर म्हटलं, पोरींसारखा मुळूमुळू रडू नकोस, पुरुष हो जरा. दुसऱ्या दिवशी शाळा सोडवली आणि माझ्यासोबत बांधकामावर, बांबूच्या परांचीवर चढवला.

ठाऊक आहे, दोनदा घरी आला होतात. मी दाराआडच होतो. बायकोला सांगायला लावलं, बाहेरगावी गेलेत म्हणून.

त्यानं?… नाही, पुन्हा कधी विषय काढला नाही. चिठ्ठी तेवढी जपून ठेवली. त्याच्याच पेटीत मिळाली.

काम? काम चोख त्याचं. खोलीवर नजर फिरवायचा आणि फरशा किती लागतील ते तोंडी सांगायचा. मुकादम कागद काढेपर्यंत ह्याचं उत्तर तयार…

काय?… त्याला फोन देऊ?… नाही, बाई… कामावर नाही गेला… थांबा, सांगतो. तेवढ्यासाठीच दोन दिवस नंबर घेऊन बसलोय. एवढं सांगतो आणि फोन ठेवतो.

तो नाही, बाई. नऊ वर्षांपूर्वी, मार्चच्या चौदा तारखेला, तिसऱ्या मजल्याच्या परांचीवरून पडून माझा मुलगा मेला. चोवीस वर्षांचा होता.