पंचविसाव्या मजल्यावर बसला घसा

मी विक्रोळीची. म्हणजे आईबाप बुलढाण्याकडून आलेले, पण माझा जन्म इथलाच, डोंगरावरच्या चाळीतला, आणि आवाज पहिल्यापासून असाच, खणखणीत. आई बोलायची, ही पोरगी रडली की खालच्या नाक्यावर कळतं. जयंतीला विहारासमोर मांडव पडला की माइक माझ्याच हातात, पिवळ्या फ्रॉकवाली मुलगी सापडलीये आईने स्टेजजवळ यावं, भोजनदानाची रांग डाव्या बाजूने लावा, असलं सगळं मी सांगायची आणि लोक ऐकायचे पण, मोठी मोठी माणसं रांग बदलायची. मग दहावी झाली, लग्न झालं. नवरा रिक्षावाला, गोड माणूस, अजूनपण गोडच आहे, आत तुमच्यासाठी चहा ठेवलाय ना तो त्यानेच.

कंपनी आमची मरोळला. कंपनी म्हणजे काय, इस्टेटमधला एक गाळा, दोन लांब टेबलं आणि आम्ही अकरा बाया. लिफ्टमध्ये बोलतो ना तो डबा, पहिला मजला, दुसरा मजला, कृपया दरवाजा बंद करा, तो डबा आम्ही बनवतो. वायरी जोडायच्या, स्पीकर बसवायचा, बोलतोय का बघायचं, खोक्यात भरायचं. मला एकोणीस वर्षं झाली होती, आणि काय सांगू तुम्हाला ताई, कागदावर बघाल तर मी नवीनच. सात महिने झाले की ब्रेक. ब्रेक म्हणजे नाव कापायचं, पंधरा दिवस घरी बसवायचं आणि परत नवीन कार्ड, जशी काय आजच आली. म्हणजे परमनंट व्हायचा प्रश्नच नाही, भरपगारी रजा नाही, आणि पगार वाढवायचा पण प्रश्न नाही, नवीन माणसाचा कुठं कोण पगार वाढवतं. आम्ही हसायचो, बोलायचो बायांनो आपण काय म्हाताऱ्या होत नाही, शेठ आपल्याला दर सात महिन्यांनी नवीन करतात. एका ब्रेकात तर मी स्कूटी शिकली. हसू नका, खरंच शिकली, दोनदा पडली पण शिकली.

हां, आवाजाचं सांगत होती. मी लागली त्याच्या दुसऱ्या वर्षी शेठना डब्यासाठी मराठी आवाज पाहिजे होता. बाहेरची बाई आणायची तर स्टुडिओ आला, तिची फी आली. शेठ टेबलाशी येऊन बोलले, तुमच्यात कोण नीट बोलतं गं, आणि दहाच्या दहा बायांनी माझ्याकडे बोट केलं. स्टोअरमध्ये भिंतींना गाद्या लावल्या, आवाज नको म्हणून पंखा बंद, मी घामाघूम, तळमजला, पहिला मजला, करत करत बाविसावा मजला. शेठ बोलले बस, त्याच्या वर आपल्याकडे कोण राहतंय. त्याचे मला मिळाले दोन वडापाव आणि एक कटिंग. मी खूश होती, खोटं कशाला बोलू, घरी जाऊन सगळ्यांना परत बोलून दाखवलं.

आणि मग मी सगळीकडे. बोरिवली म्हणा, घाटकोपर म्हणा, कुठल्या कुठल्या बिल्डिंगमध्ये मी. एकदा मुलुंडला साखरपुड्याला गेलो, मी पैठणी नेसून, तर वॉचमन बोलतो मावशी तुम्ही मागच्या लिफ्टने जा, कामवाल्यांची ती आहे. वाईट वाटलं, वाटतंच. पण मागच्या लिफ्टमध्ये शिरलो तर तिथं पण मीच! चौथा मजला, कृपया दरवाजा बंद करा. नवरा इतका हसला की त्याच्या हातातला पेढ्यांचा बॉक्स वाकडा झाला. बोलतो घरी हीच बोलते, बाहेर आलो तरी हीच, आता माणसाने जायचं कुठं.

तर मागच्या वर्षी काय झालं, शेठना मोठी ऑर्डर आली. घाटकोपरचा टॉवर, एक्केचाळीस मजले, बिल्डर मोठा, आणि त्याच्या सगळ्या बिल्डिंगींत माझाच आवाज, त्याला तोच पाहिजे. अक्षय्य तृतीयेला चाव्या द्यायच्या. आणि शेठच्या तेव्हा लक्षात आलं की आपली बाई बावीसला संपते.

त्याच महिन्यात निर्मलाचं झालेलं. निर्मला माझ्या शेजारी चौदा वर्षं बसते. तिचं पिशवीचं ऑपरेशन निघालं, शेठ बोलले तिचा ब्रेक तसापण जवळ आलाय, आत्ताच देऊन टाका. ब्रेक दिला म्हणजे कामगारांच्या दवाखान्याचं कार्ड पण बंद, खर्च सगळा पदरचा. तीन आठवड्यांत बिचारी परत आली, स्टुलावर उशी घेऊन बसली, वायर उचलायला वाकली की डोळे मिटायची, आणि कार्डावर काय, तर नवीन कामगार. मी संडासात जाऊन रडली त्या दिवशी. मला इतका राग कधीच आला नव्हता.

म्हणून शेठनी बोलावलं ना, मंदाताई जरा पाच मिनिटं स्टोअरमध्ये या, तेव्हा मी बोलली येते, पण शेठ, आम्हा अकरा जणींना परमनंटचं लेटर द्या. शेठ बोलले बघू, बघू, आधी काम तर होऊ दे. ते बघू मी एकोणीस वर्षं ऐकत होती. मी आत गेली. शेठची भाची मशीनवर, कानाला हेडफोन, शिकलेली पोरगी, स्वभावाने चांगली. तिने खूण केली. तेविसावा मजला. चोविसावा मजला. पंचविसावा मजला. आणि माझा घसा बसला.

आता तुम्ही बोलाल खोटं बोलली. पण मी बोलली कुठं, मी तर गप्पच बसली! नऊ दिवस. एक शब्द नाही. चहा पाहिजे तर बोटाने, वायर पाहिजे तर डोळ्याने, आणि बाया काय एकेक नाटकी, अगं हिला बोलायला लावू नका कायमचा जाईल आवाज. शेठनी ज्येष्ठमध आणलं, खडीसाखर आणली, त्यांच्या घरून हळदीचं दूध यायला लागलं थर्मासमध्ये, केशर घातलेलं, एकोणीस वर्षांत एवढे लाड झाले नव्हते. घरी पण मी बोलत नव्हती, सवय मोडायला नको म्हणून. नवरा तिसऱ्या दिवशी बोलतो, अगं भांड तरी, घर खायला उठलंय.

मग भाचीचा आवाज घेऊन बघितला, वरच्या मजल्यांना लावला. बिल्डरच्या माणसाने ऐकलं नि बोलला, बावीसपर्यंत मावशी आणि वर गेल्यावर कॉलेजची पोरगी, मध्येच मावशी उतरल्या काय? मग कॉम्प्युटरमधल्या बाईला बोलायला लावलं. ती अशी बोलते जशी काय दवाखान्यात वाईट बातमी सांगतेय. शेठची वाट लागली.

आठव्या दिवशी शेठनी मला एकटीला केबिनमध्ये घेतलं. लेटर तयार होतं. माझं नाव, परमनंट, खाली सही, शिक्का. बोलले मंदाताई, तुमचं देतो, बाकीच्यांचं राहू दे. खरं सांगते, माझा हात पुढे गेला. मुलीचं शिक्षण चालू, नवऱ्याचे गुडघे गेलेले, हात जाणारच ना. कागदाला बोट पण लागलं. पण काचेच्या पलीकडे निर्मला उशी सरळ करत होती. मी शेठच्या टेबलावरचा मार्कर घेतला आणि तिथल्याच एका रिकाम्या खोक्यावर लिहिलं, अकरा. एवढं मोठं. आणि बाहेर येऊन वायरी जोडायला बसली.

दहाव्या दिवशी अकरा लेटर आली. शेठनी स्वतः वाटली, तोंड एरंडेल प्यायल्यासारखं. निर्मलाने दोनदा वाचलं, उलटून मागं बघितलं, मला बोलते मंदे, यात ब्रेक कुठं लिहिलाय गं? माझा घसा तिथल्या तिथे सुटला. मी बोलली, नाहीये गं, कुठेच नाहीये.

पगार म्हणाल तर अजून बेताचाच. आणि माझ्या लेटरवर हुद्दा काय लिहिलाय माहितीय? हेल्पर. अर्ध्या मुंबईला वरखाली करते मी, आणि हेल्पर! मी फ्रेम करून लावलंय, ते बघा, टीव्हीच्या वर. दोन वर्षांत रिटायर होईन, पण निर्मलाला आता रजा मिळते, ती गावाला जाऊन येते आणि त्याच कार्डावर परत बसते, मला अजून काय पाहिजे.

आणि त्या दिवशी मी लगेच स्टोअरमध्ये गेली हां, शब्द म्हणजे शब्द. सव्विसाव्यापासून एका दमात सुटली, पंखा बंद, घाम गळतोय. एक्केचाळिसावा मजला बोलली आणि दाराबाहेर कान लावून उभ्या होत्या त्या दहाही जणींनी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी शिट्टी पण मारली. भाची बोलली मामा, मागून आवाज आलाय, परत घेऊ का? शेठ बोलले राहू दे, परत घेतलं तर परत हिचा घसा बसेल. तसंच गेलं ते डब्यात. आजपण त्या टॉवरमध्ये शेवटच्या मजल्यावर लिफ्ट थांबली ना, की माझ्या आवाजामागे बारीक ऐकू येतं. तिथं कोण राहतं मला माहीत नाही, त्याचं भलं होवो, रोज घरी पोचला की दहा बाया त्याच्यासाठी टाळ्या वाजवतात.