हवालदाराला न आवडलेला वास

ताई: आणि ही सेंटची बाटली? लग्नात दिली होती ना मी तुला? एवढ्यात तळाला गेली?

वहिनी: मी एकटी वापरत असते तर अजून गळ्याशी असती.

ताई: म्हणजे माझा भाऊ सुधारला म्हणायचा. लहानपणी त्याला आंघोळीला ढकलावं लागायचं.

वहिनी: ते अजूनही लागतंच. पण तो नाही हो वापरत ही. आई वापरतात.

ताई: आपली आई? मी पावडर लावली तरी जिला शिंका यायच्या, ती?

वहिनी: त्याच. आत्ता वरच्या काकूंकडे गेल्यात म्हणून सांगते. त्या आल्या की तुम्हाला यातलं काही माहीत नाही.

ताई: नाही माहीत. बस इथे आणि पहिल्यापासून सांग. मधूनच सुरुवात करायची तुम्हा दोघांनाही खोड आहे.

वहिनी: पहिल्यापासून म्हणजे तुमच्यापासूनच. तुम्ही परत निघालात, गाडी खाली उभी होती, आणि जाता जाता तुम्ही ही माझ्या हातात कोंबलीत.

ताई: आमच्या औषधांच्या दुकानात उन्हाळ्याचा माल आला होता. महागातल्या बाटल्या कुलपात असतात, ही उघड्या फळीवर. मनगटावर मारून बघितली, बरी वाटली, उचलली. खरं सांगायचं तर फार डोकं नव्हतं चालवलं.

वहिनी: पण निवड चुकली नाही तुमची. माझं काम तुम्हाला माहितीये. डॉक्टर डोळे तपासतात आणि चष्मा मी बसवते. काडी कानामागे नीट बसली का, नाकावर घसरतोय का, सगळं बघायचं म्हणजे समोरच्याच्या नाकापासून माझं मनगट वीतभर लांब. उन्हाळ्यात तर माझीच मला लाज वाटायची. ही मारून गेले त्या दिवशी एक बसचालक आले होते, तापलेल्या गाडीतून उतरून, कपाळावर आठ्या. चष्मा लावता लावता म्हणाले, बाई, इथे मोसंबी सोललीय का कुणी? आणि आठ्या गेल्या.

ताई: बघ. फळीवरची असली म्हणून काय झालं.

वहिनी: सगळेच तसं नाही म्हणाले. एका कॉलेजच्या मुलीला फरशी पुसायच्या पाण्याची आठवण झाली. डॉक्टरांना भांड्यांच्या साबणाची. आणि ते खोटं नाही हो. मारल्या मारल्या क्षणभर साबणच वाटतो. मग संत्र्याच्या सालीत नख खुपसल्यासारखं काहीतरी होतं, बारीक तुषार उडतात ना, तसं. त्यानंतर हिरवं पान चुरगळल्यासारखं. आणि जेवायच्या सुट्टीपर्यंत काहीच उरत नाही. हात नाकाला लावून शोधावं लागतं.

ताई: टिकत नाही, ही तक्रार सगळ्यांचीच असते. स्वस्तातलं आणि लिंबाचं, टिकणार कसं. पण तू आईबद्दल सांगत होतीस.

वहिनी: आईंच्या आधी हवालदार येतो.

ताई: तो बोका? तो कुठे आला मध्ये?

वहिनी: सगळं त्याच्यावरच तर आहे. घरात येणाऱ्याची तो दाराशी तपासणी करतो, हे तुम्हीच मला लग्नाआधी सांगितलं होतंत. पायाला अंग घासलं की माणूस पास. गॅसवाला पास, वरच्या काकू पास, विजेचं बिल वाटणारासुद्धा पास. मी सोडून सगळे.

ताई: तू नापास?

वहिनी: साफ नापास. मी जवळ गेले की कान मागे, तोंड फिरवायचं, उठायचं आणि चालू पडायचं. मी सोफ्यावर बसले की तो सोफ्यावरून उतरणार. मी मासे आणले त्याच्यासाठी. बशी ठेवून मी पार स्वयंपाकघरातून बाहेर जाईपर्यंत तो बशीकडे बघतसुद्धा नव्हता. मी गेले की चाटूनपुसून साफ.

ताई: मांजरं असतातच तऱ्हेवाईक. त्याचं काय एवढं मनावर घ्यायचं.

वहिनी: मांजराचं नव्हतं घेतलं मनावर. एकदा मी जिन्यात होते आणि आई काकूंना सांगत होत्या, मुलगी कामाची आहे, बोलायला गोड आहे, पण मांजराला माणूस कळतं.

ताई: असं म्हणाली ती?

वहिनी: वाईट हेतूने नव्हत्या म्हणाल्या. त्यांना खरंच तसं वाटत होतं. पण त्यानंतर मी खोलीत आले आणि हवालदार उठून गेला, की आई त्याच्याकडे बघायच्या, मग माझ्याकडे बघायच्या आणि बोलत असतील ते तिथेच थांबायचं. तुमच्या भावाला सांगितलं तर हसायला लागला. म्हणाला, तुला मांजराचा जाच आहे. मग मीही कुणाला सांगितलं नाही.

ताई: मला फोन करायचास.

वहिनी: काय सांगणार होते? तुमचा बोका माझ्याशी बोलत नाही?

ताई: हेही खरं. बरं, पुढे.

वहिनी: पुढे आईंच्या जुन्या मैत्रिणींचा फोन आला. टेलिफोन एक्स्चेंजमधल्या. सगळ्या निवृत्त झाल्यापासून भेटल्या नव्हत्या. आता दर शनिवारी बागेत जमायचं ठरलं. पहिल्या शनिवारी आई सकाळपासून आरशासमोर. मी कामावर गेले. त्या परत आल्या त्या एकदम खुशीत. कोण किती जाड झाली, कोणाला ऐकू येत नाही, सगळं सांगून झालं. एक बाई म्हणे यांना म्हणाल्या, तू अजून तशीच टवटवीत.

ताई: आणि ते टवटवीत या बाटलीतलं होतं.

वहिनी: मला कुठे माहीत. मी रोज सकाळी फवारा मारून जायचे, संध्याकाळी आंघोळ करून पुन्हा एक, बाटली थोडी कमी दिसली तर वाटायचं, उन्हाने उडत असेल. पण आईंना गोडी लागली होती. मी कामावर गेले की आमच्या खोलीत यायचं, मानेला, मनगटाला, रुमालाला. आणि त्या काही माझ्यासारखं एकेकदा मारून थांबत नव्हत्या. वास गेला वाटलं की पुन्हा. दुपारीसुद्धा.

ताई: आणि हवालदार?

वहिनी: त्याने आईंच्या मांडीवर बसणं सोडलं.

ताई: आई गं. तो तर तिच्या मांडीवरच लहानाचा मोठा झालाय.

वहिनी: म्हणूनच सांगते. चपलांच्या फळीखाली जाऊन झोपायला लागला. आईंनी हाक मारली की बघायचा, दोन पावलं यायचा आणि थबकायचा. आधी त्यांना वाटलं, तो आजारी आहे. पण खाणंपिणं व्यवस्थित, उड्या व्यवस्थित. मग त्यांचं जेवण निम्म्यावर आलं. एक दिवस मी कामावरून आले तर मला जवळ बसवलं आणि कानातल्या कुड्या काढून माझ्या हातावर ठेवल्या. म्हणाल्या, या तुला. ताईला बांगड्या ठेवल्यात.

ताई: कशाबद्दल?

वहिनी: मीही तेच विचारलं. आधी सांगेनात. मग म्हणाल्या, मांजराला आधी कळतं. घरातलं माणूस जायचं असलं की ते त्याच्याजवळ फिरकत नाही.

ताई: आणि मला यातलं कुणी काही सांगितलं नाही. रविवारी बोलले मी तिच्याशी. ठणठणीत आहे म्हणाली.

वहिनी: तुम्हाला सांगू नको म्हणून तर शपथ घातली होती. ताई, मी आजवर त्यांना घाबरलेलं बघितलं नव्हतं. मी कुड्या परत त्यांच्या कानात घातल्या. म्हटलं, उद्या माझी सुट्टी आहे, त्याला डॉक्टरांकडे नेऊ. तुम्हाला नाही, त्याला. हे ऐकून जरा बरं वाटलं त्यांना.

ताई: नेलंस?

वहिनी: नेलं. सकाळी त्याला टोपलीत घालायचं म्हणजे युद्ध होतं, त्या धांदलीत मी फवारा मारायलाच विसरले. मुद्दाम सांगतेय हे. त्यात टोपलीही मीच धरली होती, आई बसमध्ये पलीकडच्या खिडकीशी. प्राण्यांच्या डॉक्टर म्हणजे तुमच्याएवढ्याच असतील. त्यांनी हवालदाराला टेबलावर घेतलं, दात बघितले, पोट दाबलं. तो शांत. म्हणाल्या, याला काही झालेलं नाही, उलट थोडा कमी खायला द्या. मग आई काळजीने वाकल्या त्याच्याकडे. झालं. कान मागे, तोंड भिंतीकडे.

ताई: अय्या.

वहिनी: डॉक्टरांनी नाक वर केलं आणि विचारलं, लिंबाचा वास कुणाचा? तेव्हा सांगितलं त्यांनी, बहुतेक मांजरांना लिंबू, संत्रं असले वास सोसत नाहीत. लोक कुंड्यांपासून मांजरं लांब ठेवायला साली टाकतात म्हणे. मी आईंकडे बघितलं. आई भिंतीवरच्या कुत्र्यांच्या चित्राकडे बघत होत्या. इतक्या लक्ष देऊन की जणू त्यातला एखादा घ्यायचाय.

ताई: आणि तू?

वहिनी: मला एका क्षणात सगळं कळलं. बाटली का कमी होत होती तेही आणि हवालदार माझ्यावर का उखडलेला होता तेही. पण आईंचे कान लाल झाले होते. मी म्हटलं, माझा वास आहे. मीच लावते.

ताई: तू म्हणालीस तसं?

वहिनी: दुसरं काय म्हणणार? परक्या माणसासमोर त्यांना तोंडघशी कसं पाडायचं? डॉक्टर म्हणाल्या, मग तुम्ही जरा दाराशी उभ्या राहा, आजींना घेऊ दे त्याला. मी दाराशी गेले. आईंनी त्याला उचललं. तो त्यांच्या हातातून सुटला, टेबलावरून खाली, आणि थेट माझ्याकडे. माझ्या पायाला अंग घासून दोन्ही पावलांच्या मधे बसला.

ताई: थांब. मला नीट हसू दे.

वहिनी: डॉक्टरही हसल्या असत्या, पण चांगल्या होत्या बिचाऱ्या. हात धुवायला वळल्या आणि बराच वेळ हात धूत राहिल्या.

ताई: आणि आई काय म्हणाली?

वहिनी: तिथे टोपलीचं झाकण तपासत राहिल्या. परतीच्या बसमध्ये अर्धा रस्ता तिकिटाच्या घड्या घालत होत्या. मग खिडकीबाहेर बघत मला विचारलं, मोठ्या बाटलीत मिळतं का गं हे?

ताई: माफी नाही, काही नाही.

वहिनी: माफी कसली? मला हसू आवरेना, मग त्यांनाही आवरेना. टोपलीतून हवालदार ओरडतोय, आम्ही दोघी डोळे पुसतोय, आणि कंडक्टर विचारतोय, मांजराचं काही बरंवाईट झालं का. आणि घरी आल्यावर चहासुद्धा न घेता त्या आधी वर गेल्या. काकूंना सांगून आल्या, त्या बोक्याला माणसातलं काही कळत नाही, त्याचं सगळं नाकावर चालतं.

ताई: हे तिने काकूंना स्वतः सांगितलं?

वहिनी: जिन्यातून ऐकू येईल इतक्या मोठ्याने.

ताई: मग आता वास बंद?

वहिनी: छे. बाहेर जाताना मारायचा, तोही जिन्यात उतरल्यावर. संध्याकाळी परत येतो तोवर उडून गेलेला असतो. तुमच्या दुकानात लोक याला दोष देतात, ताई, आमच्या घरात याच गुणावर सगळं चाललंय.

ताई: मग मी आणलेलं फुकट गेलं. तुझ्यासाठी या वेळी कुलपातली बाटली आणलीय. लिंबाचीच, पण भारीतली. हे बघ.

वहिनी: सुरेख आहे हो. सालीचा कडवटपणासुद्धा आलाय यात. किती वेळ राहतो?

ताई: आज मारलास तर उद्या दुपारपर्यंत.

वहिनी: मग ही तुम्हीच ठेवा. आणि जमलं तर फळीवरच्या दोन पाठवा.

(दाराची कडी वाजते. आई आत येतात.)

आई: कधी आलीस गं? गाडीत जागा मिळाली?

ताई: मिळाली. तू छान दिसतेस, आई. टवटवीत.

आई: उकाड्याने जीव चाललाय आणि म्हणे टवटवीत. ऐक गं सूनबाई, उद्या आमच्या सगळ्याजणी तलावावर जाताहेत. डबे घेऊन, दिवसभर. मी तुझंही नाव सांगून आले.

वहिनी: माझं? त्या सगळ्या तुमच्या ऑफिसातल्या, मी काय करू त्यांच्यात?

आई: बसायचं आमच्यात. त्यांच्या सुनाही येताहेत. त्या आपापल्या सुनांचं सांगत असतात, मी नुसतं ऐकून घेते. एकदा माझी सूनही येऊ दे त्यांच्यासमोर.

ताई: आणि मी गं? मी दोनच दिवसांसाठी आलेय.

आई: तुला त्या ओळखतात. तू जरा चहा टाक. आम्हाला डब्याचं ठरवायचंय.