ठकूमावशी आणि काडीकिडा

माझा सगळ्यात चांगला किड्याचा फोटो कुठला म्हणाल, तर लोहगडवाडीच्या ठकूमावशीनं दोनदा बिघडवलेला. किडा म्हणजे हुबेहूब वाळकी काडी. मावशीनंच तो कारवीच्या झुडपात हेरला आणि डहाळीसकट माझ्यापुढं धरला. महायुद्धाचे दिवस, पुण्यात फोटो घ्यायच्या काचा मिळेनात, एका काचेवर एकच फोटो, आणि माझ्यासारख्या शाळामास्तराकडे एकच काच उरलेली. कॅमेऱ्याचा घड्यांचा भाता पुरता ताणून भिंग किड्याच्या तोंडाशी नेलं आणि म्हटलं, "मावशी, मी तीन मोजेपर्यंत हलायचं नाही."

मी 'एक' म्हणालो आणि मावशीनं कारवीत शिरताना खांद्यावर घसरलेला पदर डोक्यावर घेतला. डहाळी हलली. काच वाया गेली.

"अहो मावशी, फोटो किड्याचा होता."

"मंग मला म्होरं कशाला उबं केलं? उगड्या डोक्यानं फोटू काडत्यात व्हय?"

महिन्याभरानं नवी काच मिळाली. मावशी ठेवणीतलं लुगडं नेसून, पदर आधीच घेऊन, डहाळीवर तसाच दुसरा किडा घेऊन तयार. तिचा थाट बघून मला राहवेना. चार पावलं मागं सरलो आणि दोघांचा मिळून फोटो काढला. मावशी दगडासारखी उभी राहिली, किडाही.

फोटो नेऊन दिला, तर मावशीनं तो उजेडात धरून बराच वेळ न्याहाळला. किडा डहाळीवरच होता, पण काडीत काडी, दिसणार कसा?

"बगा मास्तर," ती म्हणाली, "म्या हलले न्हाई. ह्या खेपंला त्योच पळाला."