बसून राहिलो

अमरावतीत माहा पिक्चर दाखवला तवा बाबानं काय केलं, ते सांगितलं का तुमाले? ऐका मंग. पिक्चर प्रायोगिक होता. कॅमेरा एकाच जागी ठेवलेला, आन तेल्हारा गावातल्या घरी ओट्यावर आमचे बाबा बसलेले. सावली सरकते, बाकी काई नाई. नाव ठेवलं 'बसून राहिलो'.

पिक्चर संपला. पुण्याहून आलेले पाहुणे माइक घेऊन म्हणाले, "शीर्षकातच पराभव आहे. आयुष्यात मागे राहून गेलेला माणूस!"

बाबा पयल्याच रांगेत होते. उठलेच ते.

"कोन मांगं राहिलं जी? आमच्याकडे बसून राहिलो म्हंजे आत्ता बसलो आहो. तुमी बोलून राहिले, मी ऐकून राहिलो, तसं!"

सारा हॉल हसला. पाहुणेही हसले, पण हटले नाई. "बरं काका, पण मग चित्रपटात घडलं काय?"

बाबानं माह्याकडे बोट केलं. छाती ही अशी फुगलेली.

"माह्या पोरीनं मले येवढा वेळ गुपचूप बसवलं! तिच्या मायले हे आजवर जमलं नाई."