मुळाशी तीन बोटं पांढरे

— नाही, मान हलवू नका, कानामागचे राहिलेत अजून. कपाळावर ओघळली तर डाग चार दिवस हलत नाही, म्हणून कडेनं तेलाचं बोट फिरवलंय. गार लागतंय ना? लागणारच, रात्रभर भिजवलेली मेंदी आहे. अन् एक सांगू? नुसत्या मेंदीनं पांढरे केस लालच होतात, गाजरासारखे. त्यावर नीळ लावावी लागते — कपड्यांची नव्हे हो, झाडपाल्याचीच पावडर असते — मग काळे. तुमचे काय, चार-दोनच पांढरे आहेत, पण नीळही लावते मी. तासभर जास्त बसावं लागेल. चालेल ना? बसा हो, घरी जाऊन तरी काय करणार आहात.

माझे? माझे डोकंभर पांढरे आहेत, हे काळं दिसतंय ते सगळं नीळच. हौस कसली, बावन्नाव्या वर्षी कसली आलीय हौस — आईसाठी लावते. आतल्या खोलीत आहे ती. चार वर्षं झाली, विसरायला लागली. आधी गॅस बंद करायला, मग शेजाऱ्यांची नावं, मग घर. मला नाही विसरली, पण तिच्या डोक्यातली मी तिशीतली, कमरेएवढ्या काळ्या केसांची. बबडी म्हणते मला. ते सगळं ठीक चाललं होतं — ठीक म्हणजे काय, चालतं म्हणायचं अन् चालायचं — तर मी न्हाणीघरात घसरले अन् उजवा हात मोडला. हाड लवकर जुळेना, चार महिने प्लॅस्टर. एका हातानं आईचं करायचं की केस रंगवायचे? तर मुळाशी आले पांढरे, आधी बोटभर, मग दोन, मग तीन बोटं. अन् एका सकाळी मी तिच्यासमोर ताट ठेवलं, तर ती भिंतीला टेकून अंग चोरून बसली अन् म्हणाली, "सासूबाई, चुकलं माझं. पुन्हा नाही होणार." मला. पोटच्या पोरीला. तिची सासू म्हणजे माझी आजी, वारून तीस वर्षं झाली. काय काय भोगलं असेल आईनं तिच्या हातचं — कधी अवाक्षर नाही बोलली आम्हाला, अन् आता ते सगळं मला दिसत होतं, ती माझ्या तोंडाकडे बघायची त्यात. माझ्या हातचं खाईना. मी जवळ गेले की हात असा डोक्यावर धरायची.

प्लॅस्टर निघालं त्याच दिवशी मेंदी भिजवली. धड बोटं वळत नव्हती, तरी लावली, वर नीळ लावली, केस वाळवून तिच्यासमोर जाऊन बसले. तिनं माझे केस हातात घेऊन बघितले. मग म्हणाली, "बबडे, कुठे होतीस गं इतके दिवस?" म्हटलं, कामाला गेले होते. तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी लावते, एक पांढरा वर येऊ देत नाही. दीड वर्ष निभावलं.

आता नाही निभत. केस काळे आहेत हो, पण तोंड? तोंडाला काय लावू? गेल्या थंडीपासून मी तिला बबडी वाटत नाही. सासूही वाटत नाही, तेवढं बरं. कामाला ठेवलेली बाई वाटते. प्रेमानं बोलते, नाही असं नाही. पण खात नाही. चार घास गिळते अन् म्हणते, बाकीचं बबडी आली की तिच्याबरोबर खाईन. मनगटं बघवत नाहीत तिची. मागच्या महिन्यात एक बाई मेंदी लावायला आल्या होत्या, तुमच्याच वयाच्या, तिशीतल्या. केस धुऊन आतल्या खोलीतून बाहेर येत होत्या, आईनं त्यांचा हात धरला — बबडे, आलीस. त्या बसल्या बिचाऱ्या. भरवलं त्यांनी. सगळं ताट संपवलं तिनं, मी दाराशी उभी. मग फोन केला मी त्यांना, दोनदा केला. नाही आल्या पुन्हा.

तुम्हाला दवाखान्यात पाहिलं ना मी, औषधांच्या रांगेत — पाठमोऱ्या होतात, वेणी घातलेली — म्हणून आपण होऊन बोलले. मेंदीचं निमित्त. खोटं कशाला बोलू आता. केस धुवायला आतूनच जावं लागतं, तेव्हा म्हटलं, पाच मिनिटं टेकलात तिच्याजवळ… काही बोलायचं नाही. हो म्हणायचं फक्त. ताट मी वाढूनच ठेवलंय.

उठू नका, ओघळेल.

बरं. राहिलं. नाही, नाही, रागावले नाही, मीच आधी सांगायला हवं होतं. ही प्लॅस्टिकची टोपी राहू द्या डोक्यावर, घरी जाऊन साध्या पाण्यानं धुवा, आज शाम्पू लावू नका. नीळ राहू दे, तुम्हाला गरज नाही तिची. चपला घाला, या पुढच्याच दारानं जा. हळू, आवाज नको — ऐकलंच तिनं. जा तुम्ही, जा.

आले हो आजी. कोणी नाही, मी आहे, कामवाली. नाही, बबडी नाही आली अजून.